सरांचा डावा हात

"फ्लॅप्स टू," मी म्हणाले.

"स्पीड चेक्ड, फ्लॅप्स टू," भोयरसर म्हणाले आणि माझ्या सुटकेसवर चिकटवलेल्या चित्रातला फ्लॅपचा दांडा त्यांनी बोटानं मागं ओढला.

हॉटेलचा वेटर पाण्याचा जग घेऊन दारातच थबकला होता. "शूटिंग है क्या, सर?"

"नहीं भाई, लँडिंग है. दो मिनिट रुको."

वेटर खरोखरच दोन मिनिटं थांबला. आम्ही उतरल्यावर त्यानं जग ठेवला आणि पोस्टरकडं बघत बघत निघून गेला.

हैदराबादमधल्या त्या हॉटेलच्या जेवणघरात दुपारची जेवणं उरकली होती आणि मॅनेजरनं संध्याकाळपर्यंत एक कोपरा आम्हाला वापरू दिला होता. समोर ताटल्यांच्या कपाटाच्या दारावर कॉकपिटचं मोठं पोस्टर, सेलोटेपनं लावलेलं. त्यापुढं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. डावीकडं मी, उजवीकडं सर. दोघांच्या मध्ये माझी सुटकेस आडवी, आणि तिच्यावर दोन वैमानिकांच्या मधल्या भागाचं चित्र. त्यात फ्लॅपचा, म्हणजे पंखांमागच्या झडपांचा, दांडा होता, आणि इंजिनांची ताकद कमीजास्त करणारे दोन थ्रस्ट लिव्हर होते. बघणाऱ्याला वेड लागल्यासारखं वाटतं, पण खऱ्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली विमानात, बसण्याआधी सगळे वैमानिक असंच करतात. हात कुठं जायला हवेत आणि तोंडातून कुठले शब्द यायला हवेत, हे कागदावर घटवून घ्यायचं.

आमची चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. देशातल्या एका मोठ्या विमान कंपनीत को-पायलट म्हणून निवड व्हायची तर लेखी परीक्षा, मानसशास्त्राच्या चाचण्या आणि मुलाखत यांच्या मध्ये ही सिम्युलेटरची पायरी होती. बहुतेक जण तिथंच गळत. आणि या कंपनीचा नियम असा, की या पायरीवर माणूस दोनदाच उभा राहू शकतो. माझी पहिली वेळ होती. सरांची दुसरी.

निशिकांत भोयर हे माझे फ्लाइंग इन्स्ट्रक्टर. ते भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरचे, मी इचलकरंजीची, आणि आमची गाठ पडली ती खानदेशातल्या एका उजाड धावपट्टीवर. बी.एस्सी. फिजिक्स करून मी तिथं उडायला शिकायला गेले तेव्हा सर आधीच बरीच वर्षं शिकवत होते. शिकवून उड्डाणाचे तास जमतात, आणि तास जमले की मोठी कंपनी घेते, असा त्यांचा हिशेब होता. तास जमले. पहिल्या खेपेला कंपनीनं घेतलं नाही. कारण सांगितलं नाही. तसं ते कुणालाच सांगत नाहीत.

"माझ्याजवळ टाइप रेटिंग नव्हतं न," सरांनी स्वतःपुरतं कारण शोधलं होतं. टाइप रेटिंग म्हणजे ठरावीक जातीच्या मोठ्या विमानाचा परवाना. मधल्या काळात त्यांनी तोही मिळवला.

लेखी परीक्षेच्या दिवशी हॉलबाहेर आम्ही सगळे उमेदवार उभे होतो, आणि तिथलं बोलणं अगदी वधू-वर मेळाव्यासारखं चाललं होतं. तास किती? त्यातले मल्टी-इंजिनचे किती? रेडिओचा परवाना झाला? मेडिकल क्लास वन एकदाच झालं की चष्म्यावरून अडकलं होतं? टाइप रेटिंग कुठून केलं? सर जवळ आले की सगळे गप्प व्हायचे. त्यांच्याकडं सगळंच होतं, आणि तास तर बाकीच्या चार-पाच जणांचे मिळून होतील इतके. माझ्याकडं परवान्यापुरते तास, सगळे परवाने आणि फिजिक्सची पदवी होती. पदवीबद्दल कुणी विचारत नव्हतं.

चाचणीच्या जोड्या कंपनीनं लावल्या. माझ्या नावापुढं भोयर दिसल्यावर पीयूष बेडसे माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सुटलीस तू! निम्मं विमान तर सरच चालवतील."

पीयूष शिरपूरचा, आमच्याच स्कूलचा, म्हणजे तोही सरांचाच विद्यार्थी. त्याचं हे बोलणं मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं.

आता जेवणघरात, वेटर गेल्यावर, मला ते आठवलं. कारण मी एक गोष्ट पाहिली होती.

"सर, एक सांगू?"

"सांग न."

"आत्ता शेवटी, मी थ्रस्ट कमी करायच्या आधी तुम्ही केला."

"मी? मी काहून करीन? तू चालवून राहिली होती."

"तुमचा हात गेला लिव्हरवर."

"फ्लॅपवर गेला असेल. जवळच आहे ते."

"फ्लॅप आधीच झाले होते, सर."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. फ्लाइंग स्कूलमध्ये ही नजर आली की आम्ही चुकल्याचं कबूल करून टाकायचो. चूक कुठली ते नंतर शोधायचो. "मगदूम, हात हा मांडीवर होता माझा. पूर्ण वेळ. पुन्हा करू चाल."

हे साधं भांडण नव्हतं. मोठ्या विमानात कामं वाटलेली असतात. एक जण चालवतो. दुसरा लक्ष ठेवतो: वेग, उंची, दिशा बघतो, काही बिघडताना दिसलं तर ठरलेल्या शब्दांत बोलतो आणि सांगितल्यावर फ्लॅप आणि चाकं खालीवर करतो. थ्रस्ट लिव्हरवर हात फक्त चालवणाऱ्याचा. दुसऱ्याला ते घ्यायचेच असतील तर आधी मोठ्यानं "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं. न बोलता हात लावला तर दोघांनाही कळत नाही की विमान नक्की कोण चालवतंय. ढगातून खाली येताना हे कळलं नाही तर काय होईल, ते समजायला वैमानिक असावं लागत नाही.

आम्ही पुन्हा केलं. पुन्हा सरांची दोन बोटं कागदावर टेकली आणि मागं आली, इतक्या हलक्या हातानं की कागद वाजलाही नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता का?"

"आत्ताही लावलात."

"अगं, तुझे डोळे समोर ठेव न! माझ्या हाताकडं काहून पाहून राहिली?" सर आता खरंच चिडले होते. "मी चहा सांगून येतो. दोघांचंही डोकं तापलं आहे."

मोजल्याशिवाय वाद घालायचा नाही, ही फिजिक्सच्या तीन वर्षांत लागलेली सवय. सर चहा सांगायला गेले तेवढ्यात मी पर्समधून मऊ शिशाची पेन्सिल काढली आणि चित्रातल्या दोन्ही थ्रस्ट लिव्हरवर भरपूर शिसं घासलं. काळ्या चित्रावर ते दिसत नव्हतं. चालवणारी मी, त्यामुळं माझी बोटं काळी होणारच होती. सरांची व्हायला नको होती. फ्लॅपचा दांडा मी मुद्दाम स्वच्छ ठेवला, म्हणजे तिथून लागलं असं म्हणायला जागा नको.

सर आले. चहा आला. आम्ही तो प्यायलो, आणि ढगातून येऊन उतरायचा तोच सराव तिसऱ्यांदा केला. या वेळी मी त्यांच्या हाताकडं अजिबात पाहिलं नाही.

"सर, हात दाखवा."

"घे पाहा." त्यांनी विजयी मुद्रेनं डावा हात पुढं केला.

तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची टोकं काळी होती. मी माझाही हात शेजारी धरला. माझी चार बोटं काळी होती आणि तळवाही.

"हे का लावलं तू?"

"पेन्सिलचं शिसं. फक्त थ्रस्ट लिव्हरवर."

सरांनी अंगठ्यानं बोटं चोळली. डाग पसरला.

"मला कळलंच नाही," ते म्हणाले. "खरं सांगतो, मगदूम. मी हात हलवलाच नाही असं मला वाटून राहिलं होतं."

"माहितीये, सर."

मला खरंच माहीत होतं. तो हात मी तीन वर्षं ओळखत होते. शिकाऊ विमानात आम्ही डावीकडं बसायचो, सर उजवीकडं, आणि थ्रॉटल, म्हणजे तिथला थ्रस्ट लिव्हर, दोघांच्या मध्ये. त्यांचा डावा हात थ्रॉटलच्या मागं असायचा आणि पाय विमानाचं नाक वळवणाऱ्या पेडलांच्या जरा वर. आम्ही चुकायला लागलो की तो हात केसभर पुढं यायचा. विमान नीट उतरायचं. आम्ही खूश व्हायचो. रात्री मेसमध्ये मात्र एकच वाद असायचा: आजचं लँडिंग तुझं की सरांचं? एकटीनं उडवलेलं सगळं माझं, हे पक्कं होतं. सर शेजारी असतानाचं कधीच सांगता यायचं नाही. शिकवणाऱ्याचा हात असाच असावा लागतो. तसा नसता तर आमच्यातले निम्मे आज चालतेबोलते नसते. हजारो वेळा त्या हातानं आधी काम केलं होतं आणि सरांना नंतर कळलं होतं. आता तो त्यांना विचारतही नव्हता.

"मागच्या वेळी लखनौचा एक पोरगा होता माझ्यासंगं," सर सावकाश म्हणाले. "चांगला पोरगा. घाबरलेला. त्याचं लँडिंग इतकं मस्त झालं न, मला वाटलं आम्ही दोघंही पास. बाहेर आल्यावर परीक्षकानं एकच विचारलं: शेवटी थ्रस्ट कोणी कमी केला? मी म्हटलं, यानं केला. तो पोरगा माझ्याकडं पाहत राहिला."

"तुम्ही खोटं बोलला नव्हता."

"त्यांना थोडंच माहीत ते?" सर हसले, पण ते हसणं नीट पुरं झालं नाही. "म्हणजे त्याचंही मीच घालवलं. आणि मी टाइप रेटिंग करत बसलो."

मग ते उठले, बेसिनवर जाऊन हात धुऊन आले आणि खुर्ची पोस्टरसमोर सरळ करून बसले.

"शिसं लाव पुन्हा. आणि ती चेकलिस्ट गुंडाळून हातात घे. माझा हात हलला की मारायचं."

"मी? तुम्हाला?"

"मी नाही का मारायचो तुम्हाला? लाजू नको. जोरात."

सुरुवातीला मी हळूच मारलं. "हे का मच्छर मारून राहिली का?" म्हटल्यावर नीट मारलं. हात थांबायला लागला, तर दुसरीच अडचण उभी राहिली. हात बंद झाला की सरांचं तोंडही चालेना. मी मुद्दाम वेगाचे घसरते आकडे म्हणत जायचे आणि ते नुसते ताठ व्हायचे, मान पुढं, जबडा घट्ट. इतकी वर्षं त्यांच्या वतीनं तो हातच बोलत आला होता.

"सर, बोला! मला काय कळणार?"

"स्पीड! स्पीड, मगदूम! अगं स्पीड पाहा न, पडशील!"

"एवढं नाही. फक्त 'स्पीड'."

"स्पीड," सर म्हणाले. वैमानिकासारखं न वाटता सक्तीनं औषध घेतल्यासारखं. वेटर मेजं मांडायला येईपर्यंत आमचं तेच चाललं होतं. शेवटच्या दोन खेपांना त्यांची बोटं स्वच्छ निघाली, पण कागदावर विमान पडत नसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर आलेला सिम्युलेटर म्हणजे लांब पायांवर उभी असलेली पांढरी खोली. आत शिरलं की पोस्टरमधलं सगळं खरं होऊन समोर उजळलेलं. आमच्या मागं परीक्षक कॅप्टन पिल्लई बसल्या. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, अगदी हळू बोलणाऱ्या. त्या इंग्रजीत बोलत होत्या. मी मराठीत सांगते.

"जागा बदलायच्या नाहीत, फक्त कामं बदलायची. आधी मगदूम चालवेल, मग भोयर. तुम्ही एकमेकांना ओळखता?"

"मी यांची विद्यार्थिनी आहे, मॅडम."

"हं," त्या म्हणाल्या आणि काहीतरी टिपून घेतलं.

मी विमान उचललं. चाकं आत गेली आणि लगेच डावीकडचं इंजिन बंद पडलं. ते होणार हे माहीतच होतं. नाक डावीकडं वळायला लागलं. उजवा पाय दाबायचा असतो, मला पाठ होतं. पण मी क्षणभर थांबले. कशासाठी थांबले ते मला तिथंच कळलं. मी सरांच्या पायाची वाट बघत होते.

तो पाय आला नाही.

"हेडिंग," सर म्हणाले.

एकच शब्द, कालच्या शेवटच्या खेपेसारखा कोरडा. मी पाय दाबला. नाक सरळ आलं. "करेक्टिंग," मी म्हणाले. एका इंजिनावर वळसा घालून आम्ही परत उतरायला आलो. दोनदा त्यांनी "स्पीड" म्हटलं, एकदा, ठरलेल्या उतरणीवरून सरकले तेव्हा, "ग्लाइड स्लोप". प्रत्येक वेळी त्यांची डावी मूठ मांडीवर इतकी आवळलेली होती की पँटला सुरकुत्या पडल्या होत्या. मी मध्यरेषेच्या डावीकडं आणि जरा आपटून उतरले. बघणाऱ्यानं वाहवा केली नसती. पण ते लँडिंग कुणाचं, यावर मेसमध्ये वाद झाला नसता.

"आता भोयर," मागून आवाज आला.

सरांनी विमान घेतलं आणि दोन मिनिटांत मला कळलं, की तास म्हणजे काय. सुया जागच्या हलत नव्हत्या. मला घाम फोडणारं वळण त्यांनी सहज, पंख्याखाली बसून पेपर वाचावा तसं घेतलं. मी वेग, उंची वाचत होते आणि सगळं बरोबर आहे एवढंच म्हणायचं काम मला उरलं होतं. मनात आलं, आज घेतात यांना. घ्यायलाच हवं.

मग पिल्लईंनी कंट्रोल टॉवर होऊन आम्हाला वर रोखून धरलं, बरंच पुढं येऊ दिलं आणि एकदम आत वळवून उतरायची परवानगी दिली. पाठीवर वाराही दिला. आम्ही उंच होतो आणि वेगात होतो. सरांनी चाकं लवकर मागितली, फ्लॅप मागितले, थ्रस्ट मागं घेतला. उंची झपाट्यानं कमी झाली. वेग मात्र हळूहळू उतरत होता.

सकाळी पिल्लईंनी नियम वाचून दाखवला होता: हजार फुटांवर वेग ठरल्यापेक्षा दहा नॉटहून जास्त असेल तर उतरायचं नाही. गो अराउंड, म्हणजे वर जायचं, फिरून यायचं.

मी आकड्याकडं बघत होते. वेग कमी होत होता. हजार फूट येईपर्यंत तो मर्यादेत येणार नव्हता, आणि त्यानंतर काही क्षणांत नक्की आला असता. याहून वाईट परिस्थितीतून त्यांनी जुन्या, खडखडणाऱ्या विमानात मला शेजारी बसवून मुंगीला धक्का न लावता उतरवलं होतं. हे विमान ते उतरवणार, आणि माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर उतरवणार, याबद्दल मला शंका नव्हती. मी बोलले तर त्यांच्या शेवटच्या संधीत एक बिघडलेला अप्रोच नोंदला जाणार होता. गप्प राहिले तर कदाचित काहीच होणार नव्हतं.

"वन थाउजंड," मी म्हणाले. पुढचा शब्द तोंडात आला तो "सर". तो मी गिळला. कॉकपिटमध्ये त्याचा काही उपयोग नसतो.

"अनस्टेबल. गो अराउंड."

मी ते वाक्य पुरं करायच्या आधीच थ्रस्ट लिव्हर पुढं गेले होते.

"गो अराउंड, फ्लॅप्स," सर म्हणाले. त्याच आवाजात, ज्या आवाजात त्यांनी आधी सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, वेगाच्या आकड्याकडं पाहून खात्री करून घेतली नाही, एका श्वासापुरतेही रेंगाळले नाहीत. मी फ्लॅप एक खाच वर घेतले. "पॉझिटिव्ह क्लाइम्ब," मी म्हणाले. "गिअर अप," सर म्हणाले. मी चाकं आत घेतली. खोली मागं कलली आणि आम्ही चढत राहिलो. चष्मा नाकावरून घसरला होता, तो वर करायलाही मला सुचलं नाही.

फिरून आलो. दुसऱ्या खेपेला सर इतके अलगद उतरले, की चाकं कधी टेकली ते मला धावपट्टीच्या खडखडाटावरूनच कळलं.

बाहेरच्या छोट्या खोलीत पिल्लईंनी आम्हाला समोर बसवलं. माझ्या डाव्या बाजूच्या लँडिंगबद्दल बोलल्या, पाय उशिरा आल्याबद्दल बोलल्या. मग सरांकडं वळल्या.

"पहिल्या अप्रोचला विमान उतरवता आलं असतं?"

"आलं असतं, मॅडम."

"मग का नाही उतरवलं?"

"हिनं गो अराउंड म्हटलं."

"तुम्ही आकडा पाहिलात?"

"नाही. मी धावपट्टी पाहत होतो. आकडा पाहायचं काम हिचं होतं."

"ती चुकली असती तर?"

"तर एक चक्कर जास्त झाली असती."

पिल्लई माझ्याकडं वळल्या. "तुला काय वाटलं? ते उतरवू शकले असते?"

"हो, मॅडम. नक्की."

"तरी बोललीस."

"वेग पंधरा नॉट जास्त होता," मी म्हणाले. याहून वेगळं उत्तर मला सुचलं नाही, आणि आज इतक्या वर्षांनीही सुचत नाही.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "ठीक आहे. मुलाखतीचं कळवू. जाऊ शकता." दाराशी पोहोचल्यावर त्यांनी सरांना थांबवलं. "भोयर, मागच्या वेळचा शेरा मी आज सकाळी वाचला होता. मगदूमच्या लँडिंगच्या वेळी मी पूर्ण वेळ फक्त तुमचा डावा हात बघत होते."

"दिसलं का काही, मॅडम?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

आम्हा दोघांचीही निवड झाली. सर आता कॅप्टन आहेत आणि नव्या मुलांच्या चाचण्या घेतात. पण मुलाखतीचं पत्र पुढं दोन आठवड्यांनी आलं. त्या दुपारी आमच्या हातात काहीच नव्हतं, आणि तरीही सर त्या इमारतीच्या पायऱ्यांवर उभे राहून तुमसरला फोन लावत होते.

"नाही, रिझल्ट नाही सांगत आज... अगं थांब न, ऐक तं पहिले! मगदूमनं आज मला उतरू नाही दिलं... खरंच सांगून राहिलो. मस्त उतरून राहिलो होतो मी, आणि हजार फुटावर म्हणते कशी, वर जा!... मग का, गेलो न वर!"

वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सांगून झाल्यावर त्यांनी वडिलांना लावलं. वडिलांना कमी ऐकू येत असावं, कारण "उतरू नाही दिलं" हे त्यांनी तीनदा ओरडून सांगितलं. गेटवरचा रखवालदार वळून बघायला लागला. मग आमच्या स्कूलच्या मेकॅनिकला लावलं. त्यालाही तेच, आता हातवारे करून.

तेवढ्यात पीयूष आपल्या चाचणीसाठी रिक्षातून उतरला. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल, चेहरा पांढराफटक. पायऱ्यांवर सरांचा चढलेला आवाज ऐकून तो तिथंच थांबला आणि कडेकडेनं माझ्याजवळ आला.

"काय गं, उतरू दिलं नाही म्हणजे? तू सरांना गो अराउंड सांगितलंस?"

"हो."

"सरांना?" त्यानं डोक्याला हात लावला. "मेलीस तू. चिडलेत ना? कुणाकुणाला सांगताहेत बघ."

सरांनी पुढचा नंबर लावला होता आणि पलीकडच्यानं फोन उचलायची वाट बघत ते पायऱ्यांवर येरझाऱ्या घालत होते.

"चिडलेत कुठले," मी म्हणाले. "मिरवताहेत."